नांदूर मधमेश्वर: आधी पाणी बघा, मग पक्षी

नांदूर मधमेश्वर हे पक्षी अभयारण्य नाशिकहून साधारण 40 किलोमीटरवर आहे. पहाटेच निघा, आणि निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका: कानटोपी, हातमोजे हवेतच. आम्ही चापडगावच्या बाजूने आत गेलो. तिथे वन विभागाचं केंद्र आहे, निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातले गाईड मिळतात. गाईड घ्याच. त्यांची नजर आपल्या दुर्बिणीच्या आधी पोचते.

गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे साठलेल्या पाण्याचा फुगवटा वर्षानुवर्षं गाळाने भरत गेला. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा, पण इथलं उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती, सगळं त्या गाळावरच उभं राहिलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

मनोऱ्यावर बसल्यावर लगेच पक्ष्यांची नावं शोधू नका. पाणी कुठे किती खोल आहे ते बघा. अगदी काठाशी, घोटाभर पाण्यात शेकाटे लांब लाल पायांवर चालत असतात. थोडं आत थापट्या बदकं पसरट चोच पाण्याला लावून पुढे सरकतात. त्या चोचीच्या कडेला बारीक दातऱ्या असतात, त्यांतून पाणी गाळून ती सूक्ष्म जीव खातात. त्याही पलीकडे, मोकळ्या आणि खोल पाण्यात लालसरी बदकं बुड्या मारतात. अन्न वाटून घेण्याची ही पद्धत समोर उलगडते तेव्हा फार आनंद होतो. मध्येच दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी खालून घिरट्या घालत आला आणि वारकरी पक्ष्यांचा सगळा थवा पाणी तुडवत एकत्र गोळा झाला.

फोटोसाठी काठावर उतरू नका. फेब्रुवारीनंतर पाहुणे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. त्यांना उगाच उडवलं की तीच खर्ची पडते. जलपर्णी वाढली की मोकळं पाणी झाकलं जातं आणि बुडी मारणारी बदकं दूर सरकतात, तेही तिथे लक्षात येईल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पण तारीख ठरवण्याआधी गाईडला फोन करून पाण्याची पातळी विचारा. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटून इथलं पाणी उतरलं असेल तर चिखल उघडा पडतो आणि तुतारी, चिखले, पाणटिवळे असे चिखलात अन्न शोधणारे पक्षी उतरतात. पाणी भरलेलं असेल तर हे पक्षी फारसे दिसणार नाहीत, मग बदकांसाठी जा.