बोटं लाल करणारं पान

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात ओमने गव्याच्या काचेला नाक चिकटवलं होतं आणि 'हात लावू दे ना'चा जप चालवला होता. रखवालदार वैतागला, मी ओशाळले. म्हणून या जुलैत पोरांना धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेलं. सोबत भाची सई. वय नऊ, प्रश्न नव्वद.

सायनहून रिक्षा केली. "डेपोसमोरचं जंगल ना?" रिक्षावाला म्हणाला. जंगलच ते. एकेकाळी इथे मुंबईचा कचरा पडायचा. त्यावरच माती टाकून, झाडं लावून ३७ एकरांचं हे रान उभं केलं आणि १९९४ साली लोकांसाठी उघडलं. हे ऐकल्यावर सईने जमिनीवर पाय आपटून पाहिला. "आत्या, खाली अजून प्लास्टिक असेल?" असेल गं बाई, चल पुढे.

थोडं आत गेल्यावर साग लागला. वाऱ्याने पडलेलं कोवळं पान उचलून ओमच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "चोळ." पान हिरवंगार, पण बोटं विडा खाल्लेल्या ओठांसारखी लाल! मग काय, दोघांनी एकमेकांना टिळे लावले, मिशा काढल्या. लहानपणी गावाला आमची फुकटची मेंदी हीच. ओमच्या पांढऱ्या शर्टावरचा डाग मात्र अजून गेलेला नाही. काटेसावरीच्या खोडावरचे जाड काटे सईने एकेक चाचपून पाहिले. डास होतेच, ओडोमॉस विसरू नका.

उद्यानाच्या कडेने मिठी वाहते, तिचा वास आधी येतो. पलीकडे तिवरं. तिवर खाऱ्या पाण्यात उभं राहतं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं, पान चाटलं तर खारट लागतं, असं मी बोलून बसले. ओमची जीभ लगेच बाहेर! "मिठीकाठी? अजिबात नाही. गोराईला जाऊ तेव्हा चाट."

"मिठीत मीठ असतं म्हणून मिठी?" सईने विचारलं. मी बिस्किटं काढली.

घरी येऊन ओमचा डबा धुवायला घेतला तर आत सागाचं अर्धं पान, ओली माती आणि एक गोगलगाय. जिवंत. रात्री नऊ वाजता छत्री घेऊन सोसायटीच्या बागेत तिला सोडायला मीच गेले.