सहा जणांची एक चिठ्ठी

अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयात मी संगणकीय नोंदींचे काम करते. इथले फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ. घरच्या मैदानावर हंगामात जेमतेम सहा-सात सामने होतात आणि त्यांपैकी जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना चुकला, तर मुलांना वर्ष वाया गेल्यासारखे वाटते. अशा मोठ्या सामन्यांना विद्यार्थ्यांच्या राखीव जागा कधीच पुरत नाहीत, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी सोडत काढतो. मुंबईत म्हाडाच्या सोडतीच्या बातम्या वाचत मोठी झाल्यामुळे, जिथे चिठ्ठी आहे तिथे पक्षपात नाही, असे मी गृहीत धरले होते.

त्या मंगळवारी सकाळी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी खिडकीशी आली. वसतिगृहाच्या भोजनगृहातली पाळी संपवून ती थेट आली असावी, कारण तिच्या बाहीवर पीठ लागलेले होते. सलग तिसऱ्या सोडतीत तिचे नाव लागले नव्हते. तिने वहीतून फाडलेला एक कागद पुढे सरकवला. त्यावर तिच्या मजल्यावरच्या मुलींचे दोन रकाने होते, एकटीने अर्ज केलेल्यांचा आणि गटाने केलेल्यांचा. दुसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक नावापुढे खूण होती, पहिल्यात एकही नव्हती. ती म्हणाली, “माझी इथे अजून कोणाशी ओळख नाही, म्हणून मी एकटीच अर्ज करते. हे नशीब असेल तर तसे सांगा, मी पुन्हा विचारायला येणार नाही.”

नशीब आहे असे सांगण्याआधी मी सोडतीचे नियम उघडले. मैत्रिणींना शेजारी बसता यावे म्हणून सहा जणांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो. संगणक प्रत्येकाला एक क्रमांक देत होता आणि गटातला सर्वांत वरचा क्रमांक साऱ्या गटाला लागू करत होता. म्हणजे सहा जणांच्या हाती सहा चिठ्ठ्या, आणि त्यांतली एक लागली की सहाही आत. एकट्याचा क्रमांक यादीच्या वरच्या अर्ध्या भागात येण्याची शक्यता २ पैकी १. सहांपैकी निदान एकाचा येण्याची जवळजवळ ६४ पैकी ६३. ज्याच्यापाशी पाच मित्र आहेत त्याला आम्ही तिकीटही देत होतो, आणि ही नोंद माझ्या हातून दर वेळी तपासून पुढे जात होती, याचे मला फार वाईट वाटले.

दुपारच्या बैठकीत एका सहकाऱ्याने सोडतच बंद करून टेक्सस ए अँड एम विद्यापीठासारखा वरच्या वर्गांना आधी मान द्यावा, असे सुचवले. दुसऱ्याने अलाबामा विद्यापीठाच्या, तिकिटांत प्राधान्य मिळवून देणाऱ्या गुणांचा दाखला दिला: तिथे २०१९ मध्ये मोबाइलच्या ठावठिकाण्यावरून हजेरीचे १०० आणि सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबल्यास आणखी २५० गुण देत. मी दोन्हींना विरोध केला. पहिल्या वर्षाच्या एकाकी मुलाला वर्गानुसार क्रम लावल्याने काय मिळणार? आणि शनिवारी संध्याकाळी पाळीवर जावे लागणारी मुलगी चौथ्या सत्रापर्यंत थांबणार कशी? माझे म्हणणे एवढेच होते की गट लहान असो वा मोठा, त्याला एकच क्रमांक द्यावा आणि एका विद्यार्थ्याचे नाव एकाच अर्जात असावे. मग प्रत्येकाची संधी सारखी होते. शेवटी चारच जागा उरल्या आणि पाळी सहांच्या गटाची आली, तर तेवढ्यापुरता त्या गटाला तोटा होतो, हेही मी लपवले नाही.

नियम बदलण्याचे ठरले. वाटलेली तिकिटे परत घ्यायला वरिष्ठांनी नकार दिला आणि तो मला पटला, कारण त्या मुलांनी छापील नियमच पाळले होते. गुरुवारपर्यंत परत येणारी तिकिटे मात्र नाव न लागलेल्या एकट्या अर्जदारांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटायची, एवढे मी मान्य करून घेतले. त्या चिठ्ठ्यांतही त्या मुलीचे नाव आले नाही. ते तिला कळवताना माझा आवाज जड झाला होता.

पुढच्या सोडतीच्या दिवशी निकाल पाठवण्याआधी मी अर्जदारांचे सहा भाग केले, एकट्यापासून सहांच्या गटापर्यंत, आणि प्रत्येकात किती टक्के लोकांना तिकीट मिळाले ते मांडले. आकडे एकमेकांच्या अगदी जवळ होते. तोच तक्ता छापून मी त्या मुलीला खिडकीशी बोलावले. तिने आपला घडी पडलेला कागद शेजारी ठेवला आणि बोट फिरवत एकेक ओळ ताडून पाहिली.