सम नंबर भरले, विषम रिकामे

रिटायर झाल्यावर प्रवासाला निघालं की एक दिवस हमखास असा येतो, बघायचं सगळं बघून झालेलं असतं आणि परतीचं तिकीट मात्र उद्याचं असतं. अशाच एका दिवशी कळलं की हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर वंशावळ शोधणाऱ्यांची कॉन्फरन्स आहे. ही म्हणाली मी झोपणारे, तुम्ही या जाऊन, म्हणून गेलो. खरं सांगायचं तर एसी आणि बसायला खुर्ची एवढीच अपेक्षा होती.

हॉलमध्ये बघतो तर बहुतेक सगळी आपल्याच वयाची मंडळी, चष्मा कपाळावर आणि हातात फाईल.

पहिलं सेशन गणिताचं. आईवडील दोन, आजीआजोबा चार, असं दुप्पट करत गेलं की दहा पिढ्या मागे १०२४ आणि वीस पिढ्या मागे १०,४८,५७६. तिसाव्या पिढीला आकडा १०७ कोटींच्या वर जातो आणि तेव्हा अख्ख्या पृथ्वीवर एवढी माणसंच नव्हती. म्हणजे तेच तेच पूर्वज वंशावळीत दहा ठिकाणी बसलेले असतात, नात्यानात्यात लग्नं होऊन. मग डीएनएचं सेशन, त्यात मला डुलकी लागली. सख्ख्या भावंडांचाही डीएनए साधारण अर्धाच जुळतो आणि खापरपणजोबा एकच असलेल्या दहातल्या एखाद्या जोडीचा तर काहीच जुळत नाही, एवढं डोक्यात राहिलं.

खरी जाग आली तिसऱ्या सेशनला. विषय होता जुन्या नोंदींमधल्या चुका. पडद्यावर एकेक पान यायचं, एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं, दहा वर्षांत वय फक्त सहाने वाढलेलं, आणि प्रत्येक पानाला लोक हसायचे, हा कारकून काय झोपेत लिहीत होता का वगैरे. आता माझी ३४ वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये गेलीत. मला ते लागलं. समोर रांग लागलेली, सांगणारा तोंडातल्या तोंडात बोलतोय, साहेबांना संध्याकाळी आकडा हवाय, तुम्ही लिहून दाखवा! स्पेलिंगच्या या घोळावर उपाय म्हणून साउंडेक्स नावाची पद्धत निघाली आणि १९१८ साली तिचं पेटंटही घेतलं गेलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. स्मिथ आणि स्मायथ दोघांचाही कोड एस ५३०. म्हणजे आमच्या चुका इतक्या नियमात बसणाऱ्या की त्यांच्यावर पेटंट निघालं, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

चहाच्या वेळी शेजारच्या बाईंनी एक झेरॉक्स पुढे केली. त्यांच्या पणजोबांचं घर, एका मुलाचं वय ३ आणि त्याच्या खाली दुसरा मुलगा, वय ११. हा थोरला कुठे गेला ते त्या दोन महिने शोधत होत्या. मी चष्मा काढून कागद नाकाजवळ धरला. मुलं मोठ्यापासून धाकट्याकडे लिहीत आणलेली, मग अकराचा तिनाच्या खाली कसा येईल? आणि ते अकरा नव्हतंच. इंग्रजी अकरासारख्या दिसणाऱ्या त्या दोन बारक्या रेघा, जरा वर उचललेल्या, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. मी आयुष्यभर अशा हजारो मारल्यात. म्हटलं बाई, थोरला नाहीये हा, ही जुळी आहेत. त्या कागदाकडे बघतच राहिल्या. दिवसभराची माझी कॉलर तिथे ताठ झाली.

ती दुपारी उतरली. एक छापील कागद मिळाला, पूर्वजांना नंबर देण्याचा. १५९० मध्ये मिखाएल आयट्झिंगर नावाच्या गृहस्थांनी वापरलेली पद्धत, अजून तीच चालते. आपण १, वडील २, आई ३, कुणाचाही नंबर दुप्पट केला की त्याचे वडील आणि वर एक मिळवला की आई. म्हणजे आपल्याला सोडलं तर पुरुष सगळे सम आणि बायका सगळ्या विषम. मी भराभर लिहीत गेलो, २, ४, ८. सहा आणि बारासुद्धा आठवले. तीन अर्थातच. पाच नंबरला पेन अडकलं. वडिलांची आई, जिच्या मांडीवर मी वाढलो, तिचं नाव मला आजी एवढंच आठवत होतं. शेजारी पाजारी डोकावलो, सगळ्यांचे कागद थोड्याफार फरकाने असेच. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नोंदीत बायका शोधणं सगळ्यात अवघड, कारण लिहिणाऱ्याने बऱ्याचदा 'अमक्याची बायको' एवढंच लिहिलेलं असतं.

आमच्याकडे फॉर्मवर कुटुंबाच्या माहितीचा रकाना असायचा. जागा दोन बोटं, गर्दी दारापर्यंत. मी 'पत्नी' लिहून पुढे जायचो. कुणी कधी तक्रार केली नाही.

रात्री ताईला फोन लावला. म्हटलं, पाच नंबर कोण?

"कसला पाच नंबर? बरा आहेस ना?"

आजीचं नाव, म्हटलं, माहेरचं. तिने एका दमात सांगितलं, वर आजीच्या आईचंही सांगितलं, अकरा नंबर भरला. नऊचं मात्र, म्हणजे आजोबांच्या आईचं, तिलाही ठाऊक नव्हतं. फोन ठेवला आणि सवयीने हात त्या रकान्याकडे गेला, 'आठची प' एवढं लिहून झालं तेव्हा लक्षात आलं. खोडरबर नव्हतं, पेनाने लिहिलेलं. ते तसंच आहे कागदावर.