तिळाच्या पेंढ्यांखालची हिरवी वर्तुळे

गेल्या आश्विनात जळगाव जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो, तेव्हा अर्ध्या एकरातला तीळ घरी आलेला होता आणि रिकाम्या रानात जागोजागी हातभर रुंदीची हिरवी वर्तुळे दिसत होती. जिथे पेंढ्या उभ्या करून वाळत घातल्या होत्या, नेमका तिथेच गळून पडलेला तीळ परतीच्या पावसाने रुजला होता. घरी काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "यंदा उतारा कमी आला." मला ते पटले नाही; पीक आले होते, पण त्यातले काही रानातच राहिले होते.

तिळाचे झाड खालून वर फुलत जाते, त्यामुळे शेंड्याची बोंडे हिरवी असतानाच बुडाची बोंडे पिकतात आणि वाळली की टोकाकडून उकलतात. सगळी बोंडे पिकण्याची वाट पाहिली तर बुडाचा तीळ उभ्या पिकातच गळतो, आणि घाई केली तर शेंड्याचा दाणा पोचट राहतो. म्हणून पाने पिवळी पडून गळू लागली आणि बुडाची बोंडे पिवळी झाली की कापणी करायची, तीही सकाळी दव असताना. पुढे पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या आणि दर तीन-चार दिवसांनी ताडपत्रीवर उलट्या धरून झटकायच्या, ही रीत आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

अडचण ठाऊक नसण्याची नाही, हातांची आहे. तीळ वाळायला आणि सोयाबीनच्या मळणीला, कापसाच्या वेचणीला एकच गाठ पडते. मजूर तिकडे जातात आणि अर्ध्या एकराच्या तिळाची पहिली झटकणी आठ-दहा दिवस लांबते. तेवढ्यात वारा सुटला की उकललेली बोंडे रिकामी होतात, आणि पाऊस आला की पांढरा तीळ काळवंडतो. खाली पडलेला दाणा झाडून गोळा करावा, तर त्याचे मातेरे होते आणि व्यापारी खडे-मातीच्या नावाखाली कडता लावतो, म्हणजे वजनात कपात करतो.

या गळतीचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडून पाहिला. तीस बाय पंधरा सेंटीमीटरवर लावलेल्या एका एकरात सुमारे 90 हजार झाडे बसतात. हजार दाण्यांचे वजन साधारण 3 ग्रॅम आणि एका बोंडात 50 दाणे धरले, तर प्रत्येक झाडाचे केवळ एक बोंड वाया गेले तरी साडेतेरा किलो तीळ जातो. एवढ्या रानाला बियाणे लागते ते एक-सव्वा किलो! 2025-26 च्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव क्विंटलला 9,846 रुपये आहे. त्या दराने ही रक्कम तेराशे रुपयांच्या पुढे जाते, आणि एका झाडाला बोंडे तर चाळीस-पन्नास असतात.

नुकसान साठवणीतही होते; ओलसर दाण्याला तांबडे भुंगेरे लागतात आणि तेलाला खवट वास येतो हे खरे, परंतु दिवाळीच्या खर्चासाठी लगेच विकणाऱ्याकडे पोते राहतेच किती दिवस?

बोंड उकलूच नये, असा उपाय शास्त्रज्ञांनीही शोधला आहे. 1943 मध्ये व्हेनेझुएलात लँगहॅम या संशोधकांना न उकलणाऱ्या बोंडांचे झाड सापडले. पण ते बोंड इतके घट्ट, की दाणा काढण्यासाठी जोर लावावा लागे आणि त्यात तो फुटे. यंत्राने काढणी करणाऱ्यांसाठी पुढे दाणा धरून ठेवणारे वाण आले. आमच्याकडे मात्र पेंढी उलटी केली की तीळ आपसूक पडावा, हीच सोय हवी असते.

या वर्षी काकूंनी पेंढ्या रानात उभ्या न करता अंगणात ताडपत्रीवर उभ्या केल्या, आणि ताडपत्री अपुरी पडली तिथे जुनी लुगडी जोडून अंथरली. शेतातून अंगणापर्यंत भारे वाहताना वाटेत तीळ सांडला तो सांडलाच. पण पहिल्या झटकणीच्या आधीच लुगड्यांवर जो दाणा आपोआप पडला होता, तो त्यांनी सुपात वेगळा भरला आणि मला दुकानातून तराजू आणायला पाठवले.