तुम्ही विचारलंत म्हणून: ‘असला सिनेमा दाखवता कशाला?’

सांगलीत आमचं सिनेमा बघणाऱ्यांचं छोटंसं मंडळ आहे. तिथं नाताळाच्या सुमारास मी बहुतेक वेळा ‘अं कोंत द नोएल’ (म्हणजे ‘नाताळची एक गोष्ट’) हा फ्रेंच सिनेमा लावते आणि नंतर चहाच्या वेळी कुणीतरी मला गाठतंच. ‘मॅडम, आई पोटच्या पोराला तोंडावर सांगते की तू मला कधीच आवडला नाहीस, आणि हे आम्ही घरच्यांना घेऊन बघायचं? कशाला दाखवता?’ विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच. हसून ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणायचा आता कंटाळा आलाय. म्हणून हे लिहिते.

आधी लांबीचं. सिनेमा अडीच तासांचा आहे, मान्य. पण तीन तासांच्या हिंदी सिनेमातल्या सहा गाण्यांबद्दल ज्यांची तक्रार नसते, त्यांनी मला घड्याळ दाखवू नये.

दुसरं, ‘काही घडतच नाही’. उलट इतकं घडतं की पहिल्या पंधरा मिनिटांत निम्मे लोक गोंधळतात. थोरला जोसेफ लहानपणीच रक्ताच्या कॅन्सरनं जातो. त्याला बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, मिळावा म्हणून जन्माला घातलेला आंरी. त्याचा मॅरो जुळतच नाही. म्हणजे पोरगं आलं तेच नापास होऊन. पुढं कर्जबाजारी झालेल्या आंरीचं देणं बहीण एलिझाबेत फेडते, पण कोर्टात अट घालते की हा पुन्हा माझ्या नजरेला पडता कामा नये. का, ते सिनेमा सांगत नाही. आणि आता म्हातारपणी आईलाच, झ्युनोंला, मॅरो हवाय. जुळतो दोघांचा: एलिझाबेतच्या मुलाचा आणि ह्या नकोशा आंरीचा. सगळे नाताळाला रुबेच्या घरी जमतात. रुबे हे उत्तर फ्रान्समधलं कापडगिरण्यांचं जुनं गाव, दिग्दर्शक आर्नो देप्लेशां तिथलाच.

२००८ साली फ्रान्समधल्या कान सिनेमहोत्सवात हा सिनेमा स्पर्धेत होता. मोठं पारितोषिक दुसऱ्याच फ्रेंच सिनेमाला गेलं, पण आई झालेल्या कॅथरिन दनवला तिथं विशेष पुरस्कार मिळाला आणि बापाचं काम करणाऱ्या जाँ-पॉल रुसियोंना नंतर सेझार, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय सिनेपुरस्कार. हे मी ऐकवते ते खरं तर स्वतःच्या बचावासाठी: बघा, मी एकटीच खुळी नाही. दनवची सख्खी मुलगी कियारा मास्त्रोयानी ह्यात तिची सून झालीय, हे सांगितलं की मात्र सगळे खूश होतात. सासू-सून म्हटलं की आमचं मंडळ जागं होतं.

आमच्यातले एक निवृत्त बँकवाले आहेत. सिनेमातल्या घरचा गणितज्ञ जावई, मॅरो घेतला तर आई किती जगेल आणि नाही घेतला तर किती, ह्याचा हिशोब फळ्यावर मांडतो, तो प्रसंग त्यांनी दोनदा मागं घ्यायला लावला. त्यांना तेवढाच आवडला. त्यांची माझ्याकडं कधी तक्रार नसते.

आता ज्या प्रसंगाबद्दल तुम्ही विचारता तो. रात्रीची वेळ, थंडी, बागेत आई आणि आंरी सिगारेट ओढत बसलेत. मी अजूनही आवडत नाही ना तुला, असं तो विचारतो. कधीच नाही आवडलास, ती म्हणते. मलाही तू नाही, हा म्हणतो. कुणी रडत नाही, आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत तर नाहीच. हवापाण्यावर बोलावं तसं बोलतात.

एका वर्षी माझी आई आली होती. सगळं सभागृह अवघडून बसलेलं आणि तिसऱ्या रांगेतून आई खळखळून हसली. एकटीच. लोकांनी वळून बघितलं. मला वाटलं, सबटायटल नीट वाचता आलं नसेल.

वाचता आलं होतं. दोन दिवसांनी दादाच्या घरी जेवताना वहिनीला तिनं सगळी गोष्ट सांगितली. पानात आमटी वाढून घेत घेत. त्या बागेतल्या बोलण्यापाशी आल्यावर दादा चेष्टेत म्हणाला, ‘मग तूही सांगून टाक की एकदा.’ आई म्हणाली, ‘तुला काय सांगायचं त्यात? तुला ठाऊकच आहे.’

दादा हसला. खरंच हसला, त्या आंरीसारखाच. ‘आहे की,’ म्हणाला आणि भात मागितला. वहिनीनं भाताचं पातेलं ओट्यावर आपटलं. मी ताटात बघत बसले, कारण त्या घरात आवडती कोण होती हे सांगायची गरज नव्हती. लहानपणी आजारी पडले की आई माझ्या उशाशी बसायची. दादा आजारी पडला की मावशीला बोलावणं जायचं. हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. पण कुणी बोललं नव्हतं.

वहिनी अजून माझ्यावर धुमसते. तिचं म्हणणं, तुमच्या सिनेमानं आईंना तोंड फुटलं. मी म्हणते, आईला सिनेमाची गरज कधीच नव्हती. पण हे मी घाईनं म्हणते, हेही खरं.

पूर्वी खेळाआधी मी एक कागद वाटायचे. त्यात लिहिलं होतं, ‘प्रेम नसलं तरी कुटुंब टिकतं, कारण माणसं खरं बोलतात.’ आता ते वाक्य वाचलं की लिहिणारीला विचारावंसं वाटतं, बाई, तुला कुणी सांगितलं? आंरी आईला मॅरो देतो तो मायेनं, की बहिणीची जिरवायला? शेवटी तो तिच्या खाटेजवळ नाणं उडवतो आणि छापा की काटा ते आपल्याला दिसत नाही. ह्यावर लोक माझ्यावर अक्षरशः खेकसतात, जणू नाणं माझ्या पर्समध्ये आहे.

आईला डोळ्यांसाठी मिरजेला दादाच नेतो. नंबर लावतो, थेंब घालतो, तिच्या शिव्या खातो. मी फोन करते. ह्याला प्रेम म्हणायचं की सवय, की म्हातारपणी तरी जिंकायची जिद्द, हे मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. आम्ही काही रुबेचे नाही.

तर, कशाला दाखवते? चांगला आहे म्हणून, असं उत्तर मी देते आणि ते खोटं नाही. पण माझ्यासारखी लाडकी लेक तिथं किती निवांत बसू शकते आणि दादासारखा कुणी बसला असेल तर त्याचं काय होत असेल, हा प्रश्न तुम्ही कुणीच विचारत नाही. वहिनीनं तेवढा विचारला. तिला म्हटलं, एकदा ये, बघ आणि मग भांड. ती म्हणते, बघायचाच नाही. आईनं मात्र यंदा कधी लावणार म्हणून दोनदा विचारलंय, आणि दादाला सोबत आणते म्हणाली. मी अजून तारीख कळवलेली नाही.