अवतार कपाटात, सह्या दप्तरात: माझा अनुभव

आजारी मुलाला घरून वर्गात हजर ठेवणारं अवतार नावाचं यंत्र हवं असेल, तर वर्गातल्या सगळ्या पालकांच्या संमतीच्या सह्या आधी गोळा करा. यंत्र वर्गात मागाहून गेलं तरी चालतं. जर्मनीत राहणाऱ्या आणि मूल मोठ्या आजारपणामुळे घरात अडकलेल्या मराठी पालकांसाठी हे लिहितेय. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

माझी लेक तिसरीत असताना तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचं निदान झालं. एएलएल, म्हणजे लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आता बहुतेक मुलं यातून बरी होतात, पण उपचार साधारण 2 वर्षं चालतात आणि पहिले काही महिने फार जड जातात. पांढऱ्या पेशी खाली आल्या की साधी सर्दीसुद्धा धोक्याची, मग पंचवीस मुलांच्या वर्गात कुठून पाठवणार? अभ्यासाची सोय मात्र लगेच झाली. वॉर्डात हॉस्पिटलची शाळा होती. आमच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात मूल 6 आठवड्यांहून जास्त आजारी असेल तर डॉक्टरांच्या अटेस्टवर, म्हणजे प्रमाणपत्रावर, शिक्षक घरी येऊन शिकवतात, तेही मिळालं. गणित बुडालं नाही. तुटत चालल्या होत्या त्या मैत्रिणी.

वॉर्डातल्या सोशल वर्कर बाईंनी अवतार सुचवला. इथे सगळे त्याला अवतारच म्हणतात. मूळ नाव एव्ही-वन. ओस्लोमध्ये 2015 साली सुरू झालेल्या नो आयसोलेशन या कंपनीचं हे यंत्र. पांढरं, हात नसलेलं, बाकावर मावेल एवढं. कपाळात कॅमेरा, आत माइक आणि स्पीकर. मूल घरून टॅबवर बोट फिरवतं, तसं यंत्र वर्गात मान वळवतं. उत्तर द्यायचं असेल तर डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. नुसतं ऐकायचं असेल त्या दिवशी दिवा निळा ठेवायचा, मग कोणी प्रश्न विचारत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चित्र एकाच बाजूने जातं. तिला वर्ग दिसतो, वर्गाला ती दिसत नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चेहरा सुजलेला, केस गेलेले. नाशिकच्या आजीचा व्हिडिओ कॉल आला तरी ती कॅमेरा बंद करायची. पुण्यातल्या एका मैत्रिणीने मला विचारलं, स्टँडवर मोबाइल ठेवून नाही का भागत? तिथे हेच उत्तर आहे. ज्या मुलाला आपला चेहरा दाखवायचा नाही, त्याला त्या मोबाइलचा जाच होतो.

कर्करोग झालेल्या मुलांच्या पालकांच्या संघटना इथे मोठ्या हॉस्पिटलांशी जोडलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच असे अवतार विकत घेऊन कुटुंबांना वापरायला देतात. आम्हालाही असाच मिळाला, पैसे न भरता, सिमकार्डासकट. आणि घरी येऊन तो कपाटात बसला.

कारण डाटनशुट्झ. माहितीचं संरक्षण. युरोपात मे 2018 पासून जो कायदा लागू आहे, तो मला मान्य आहे. माझ्याच मुलीच्या आजाराची माहिती गावभर होऊ नये असं मलाही वाटतं. पण शाळेला त्याचं काय करायचं ते ठाऊकच नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कल्पना छान आहे, संमतीपत्र आणा. संघटनेने दिलेला नमुना नेला, तर म्हणाल्या, हा आमचा नाही, शिक्षण खात्याच्या डाटनशुट्झ अधिकाऱ्यांना विचारावं लागेल. ते अधिकारी एका शाळेचे नसतात, कितीतरी शाळा त्यांच्याकडे. ईमेल पाठवायची आणि वाट बघायची. उत्तर आलं ते प्रश्न घेऊन: रेकॉर्डिंग होतं का? सर्व्हर कुठे? घरी मुलीच्या मागे बसून आणखी कोण बघणार? शेवटचा प्रश्न रास्त होता. आम्ही लिहून दिलं की ती हेडफोन लावून बसेल, एकच टॅब जोडलेला असेल, मोठं माणूस स्क्रीनसमोर बसणार नाही. रेकॉर्डिंगची सोय ॲपमध्ये नाहीच. उत्तर पाठवलं आणि ऑक्टोबरची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर संमतीपत्रं निघाली, कागदावर, मुलांच्या दप्तरातून. दोन्ही पालकांची सही हवी. ज्यांचे आईबाप वेगळे राहतात त्यांचा कागद दोन घरं फिरून येणार. काही कागद दप्तरातच चुरगळले, ते पुन्हा छापले. शिवाय संगीताच्या, धर्माच्या तासाच्या शिक्षकांची संमती वेगळी, आणि ती मागायची हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. इकडे लेक रोज संध्याकाळी विचारायची, "आई, आज किती आले?" किमोच्या मळमळीत पडल्या पडल्या ती वर्गातल्या मुलांची नावं घेऊन कोणाचा कागद राहिलाय ते मोजायची. फ्रान्समध्ये शिक्षण मंत्रालयच आजारी मुलांसाठी असे रोबो पुरवण्याचा कार्यक्रम 2021 पासून चालवतं. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये बेडनेट नावाची संस्था आजारी मुलांना घरून वर्गाशी जोडून देते. म्हणजे वाट ठाऊक असलेली माणसं शेजारच्याच देशांत आहेत, आणि इथे प्रत्येक आजारी मुलाच्या आईने ती नव्याने खणायची. माझा संताप त्याचाच आहे.

शेवटी एक कुटुंब नाही म्हणालं. शाळेचं म्हणणं पडलं, एक नाही म्हणजे नाही.

इथे वर्गशिक्षिकेने जे केलं त्याला तोड नाही. तिने एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, अवतार टेबलावर मांडला आणि टॅब पालकांच्या हातात फिरवला. नाही म्हणणारे वडीलही आले होते. त्यांनी टॅब घेतला, मान डावीकडे उजवीकडे वळवून पाहिली, ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं, मागचं काही उरतं का ते शोधलं. मग म्हणाले, आमच्या मुलाचा फोटो कोणीतरी न विचारता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला होता, म्हणून भीती. तिथेच सही केली. मी त्यांचा हात धरून आभार मानले. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही नाही. ही सभा सुरुवातीलाच घ्या, कागद वाटण्याआधी. प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो आणि तो लगेच मिटतो.

पुढे सगळं सरळ. पहिल्या दिवशी तिने बोलायला तोंड उघडलं आणि वर्गात एकच गलका झाला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, आणि मला तेवढं पुरे होतं.

आठवेल तसं सांगते. शाळेच्या वायफायच्या भानगडीत पडू नका, सिमकार्ड वापरा. चार्जिंगला कोण लावणार ते ठरवून घ्या. आमच्याकडे दोन मुली आळीपाळीने अवतार सांभाळायच्या आणि दुसऱ्या वर्गखोलीत न्यायच्या. पूर्ण दिवसाचा हट्ट नको. एखादा तास जमला तरी खूप, आणि त्यात मधली सुट्टी असू द्या. आमच्या लेकीला गणितापेक्षा डब्याच्या वेळच्या गप्पा हव्या होत्या. स्टेरॉइडच्या दिवसांत ती टॅब ढकलून द्यायची, तेव्हा निळा दिवासुद्धा लावायला सांगितला नाही. शिक्षिकेला एवढंच कळवलं, आज नाही.

संमतीपत्रासोबतच पालकांना आणखी एक विनंती जोडा: वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी कळवा. किमो चालू असलेल्या मुलाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात, डॉक्टरांना ताबडतोब सांगावं लागतं.

आणि मूल शाळेत परत जायला लागलं म्हणून अवतार लगेच परत करू नका. किमोच्या गोळ्यांचा टप्पा वर्षभर तरी चालतो. हिवाळ्यात अर्धा वर्ग खोकत असला की आमची लेक पुन्हा घरी असायची, पण नव्या सह्या लागल्या नाहीत, कारण संमती पूर्ण शालेय वर्षासाठी घेतली होती. तुमच्या कागदावर तारीख टाकताना एवढं बघा.