तुम्ही विचारलंत म्हणून: पालखेडला हरलेल्याला मुत्सद्दी का म्हणता?

सतरा सप्टेंबर जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो: मराठवाड्यात राहून निजामाला मुत्सद्दी कसं म्हणवतं? सांगतो. पण आधी कोणता निजाम ते ठरवू. 1948 साली ज्याच्या राजवटीतून आपण सुटलो तो सातवा, मीर उस्मान अली. त्याचं आणि रझाकारांचं माप माझ्या पदरात घालू नका. नगरची निजामशाही तर त्याच्या कितीतरी आधीची, तिचा या घराण्याशी काडीचा संबंध नाही. मी बोलतो ते पहिल्याबद्दल, मीर कमरुद्दीन, निजाम-उल-मुल्क आसफजाह, मोगलांचा दख्खनचा सुभेदार आणि या घराण्याचा मूळ पुरुष. खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन औलियांच्या दर्ग्यात त्याची कबर आहे. रस्त्यापलीकडची औरंगजेबाची कबर बघून लोक परत फिरतात.

तुमचा पहिला मुद्दा पालखेड, जिथे बाजीराव पेशव्याने त्याला कोंडलं. ठीक, तिथूनच सुरू करू.

1719 साली बाजीरावाचे वडील, पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून शाहूंच्या नावे सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर सरदेशमुखी म्हणजे दहावा. 1727 मध्ये निजामाने ही वसुली अडवली. पण "देत नाही" असं तो म्हणाला नाही. त्याने विचारलं, छत्रपती दोन, साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी; पैसे नेमके कुणाला द्यायचे? आधी वाद मिटवा. आपल्याकडे वारसांचं भांडण असलं की तलाठी फेरफार थांबवतो ना, तसं. फरक एवढाच की इथला तलाठी आतून एका वारसाच्या बाजूने होता. सनद शाहूंच्या नावाची होती, म्हणजे शंका खोटी होती, आणि ती खोटी आहे हे त्याला ठाऊक होतं. इथे मी त्याची बाजू घेत नाही. डाव मात्र असा की तलवार न काढता मराठी राज्याच्या बरोबर मध्यावर पाचर बसली.

बाजीराव तेव्हा सत्तावीस वर्षांचा, निजाम छप्पन्नचा. बाजीराव जालन्याकडून घुसला, बुऱ्हाणपूरची हूल देऊन गुजरातेत उतरला. निजाम थोडा त्याच्या मागे गेला आणि मग पुण्याकडे वळला. शाळेत याला चूक म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. शत्रू दूर असताना त्याच्या घरावर जायचं, तिथे संभाजींना गादीवर बसवायचं, म्हणजे तो धावत परत येईलच. हिशेबात एकच गोष्ट सुटली. बाजीरावाने पुण्याची पर्वा केली नाही. तो खानदेशातून खाली आला आणि त्याने थेट औरंगाबादच्या उंबऱ्यावर, गंगापूर-वैजापूरच्या मुलखात जाळपोळ मांडली. आता धावायची पाळी निजामाची.

आणि धावायचं कसं? निजामाचं बळ तोफखान्यात. तोफ बैलांनी ओढायची. गोदावरी ओलांडायची म्हणजे आधी काठाची दरड फोडून उतार करायचा, मग वाळूत रुतलेलं चाक माणसं लावून काढायचं, पलीकडे पुन्हा तेच. शिवाय मागे बाजारबुणगे, डेरे, दाणागोटा. मराठी स्वाराजवळ काय, तर घोडा, भाला आणि तोबरा. वेळ वाचवायला निजामाने जड तोफा मागे ठेवल्या आणि हलकी फौज पुढे काढली. म्हणजे ज्याच्या जोरावर लढायचं तेच मागे. 25 फेब्रुवारी 1728 ला पालखेडजवळच्या उंचसखल, कोरड्या रानात मराठ्यांनी त्याला घेरलं आणि दाणा-पाणी तोडलं.

पालखेडला मोठी लढाई झाली नाही हे लक्षात घ्या. तिथे तहान होती. एका घोड्याला दिवसाला 25 ते 30 लिटर पाणी लागतं. हजार घोडी धरली तर आजचे दहा हजारी तीन टँकर, रोज, फक्त घोड्यांना. बैल, हत्ती, माणसं वेगळी. वैजापूर-गंगापूरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही, उन्हाळ्यात त्यांच्या दारात टँकर उभाच असतो. विहिरी शत्रूच्या हाती आणि नाले कोरडे, अशात छावणी किती दिवस तग धरणार?

पूर्वी मी इथेच थांबायचो. निजामाला बाजीरावाने गुडघ्यावर आणलं, संपली गोष्ट. मग तहाची कलमं पाहिली. 6 मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. शाहूच छत्रपती हे मान्य, चौथाई-सरदेशमुखी मान्य, संभाजींचा पाठिंबा काढून घेतला. जमीन किती गेली? नाही गेली. औरंगाबाद त्याचंच राहिलं. तहानेने व्याकुळ फौज घेऊन बसलेल्या माणसाने जे आधीच देणं होतं तेवढंच पुन्हा कबूल केलं. आणि दोन छत्रपतींचा वाद 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत चाललाच. याला हार म्हणायचं तर म्हणा, मीही म्हणतो. पण अशी हार लिहून घ्यायला डोकं लागतं.

दुसरा आरोप जड आहे: इराणच्या नादिरशहाला दिल्लीवर यानेच बोलावलं. असं बोलावल्याचा पुरावा मला पटेल असा कुणी दाखवलेला नाही. मात्र फेब्रुवारी 1739 मध्ये कर्नालच्या लढाईत मोगलांचा मीरबक्षी, म्हणजे सेनेचा प्रमुख, खानदौरान प्राणघातक जखमी होत असताना निजामाची तुकडी जागची हलली नाही, हे खरं आहे आणि ते मला पचत नाही. नंतर बोलणी त्यानेच केली. 50 लाखांत नादिर परत फिरायचा होता, 20 रोख आणि बाकी लाहोर, अटक, काबूलला दहा-दहा. वर्षभरापूर्वी भोपाळला कोंडला गेल्यावर निजामाने बाजीरावालाही 50 लाखच कबूल केले होते, आकड्याचं काय प्रेम होतं कोण जाणे. पण मेलेल्या खानदौरानचं मीरबक्षीपद निजामाने स्वतःकडे घेतलं. त्या पदावर डोळा असलेला अवधचा सुभेदार सादतखान चिडला आणि त्याने नादिरला सांगितलं, 50 लाख कसले घेता, दिल्लीत चला, वीस कोटी मिळतील. पुढची कत्तल सगळ्यांना माहीत आहे. दोष चुगली करणाऱ्याचा, की तडजोडीची शाई वाळायच्या आत पद उचलणाऱ्याचा? कधी मी एक म्हणतो, कधी दुसरं.

1748 मध्ये तो बुऱ्हाणपूरला वारला. वारसांना त्याने सांगून ठेवलं होतं, मराठ्यांशी जुळवून राहा, ते या मुलखाचे जमीनदार आहेत. बारा वर्षांत उदगीरच्या तहात वारसांनी मराठ्यांना दौलताबादसकट सुमारे साठ लाखांचा मुलूख दिला. यावरून बाप मोठा ठरतो, की त्याने उभं केलेलं राज्यच पोकळ होतं? तुम्ही पुन्हा विचारालच, तेव्हाही माझ्याजवळ हेच असेल.

आणि हो, पालखेड बघायला जाणार असाल तर वैजापूर तालुक्यातलं गाठा. धरणाचं पालखेड नाशिक जिल्ह्यातलं, पुष्कळ लोक तिकडे जाऊन येतात. जायचं ते फेब्रुवारीच्या शेवटी. श्रावणात गेलात तर नाल्याला पाणी दिसेल आणि फौज इथे कशी अडकली हेच मला विचाराल.